गेम आणि गाणे, दोन्हींसाठी एकच हेडफोन: निवड कशी करावी आणि तो आपल्या कानाला कसा जुळवून घ्यावा

मागच्या पावसाळ्यातल्या एका रविवारी ऐरोलीला राहणारा माझा भाचा ठाण्याला, पाचपाखाडीतल्या आमच्या घरी आला, तेव्हा त्याच्या पाठपिशवीत एक भलामोठा गेमिंग हेडसेट होता. त्यावर ‘७.१ सराउंड’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते, आणि त्याची तक्रार अशी होती की गेममध्ये शत्रूची पावले डावीकडे वाजतात की उजवीकडे हे कळते, पण समोर वाजतात की पाठीमागे हे काही केल्या कळत नाही. ‘‘मावशी, सात-सात स्पीकर असून असं कसं गं?’’ असे त्याने विचारले. त्याच्या या प्रश्नात हेडफोन निवडण्याचा निम्मा विषय येऊन जातो, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

त्या हेडसेटमध्ये सात स्पीकर नव्हतेच. प्रत्येक कानावर एक, असे दोनच ड्रायव्हर होते. ड्रायव्हर म्हणजे विजेच्या संदेशानुसार थरथरून हवेत आवाज निर्माण करणारा पातळ पडदा आणि त्याला हलवणारी तारेच्या वेटोळ्याची व चुंबकाची जोडणी. बाकीचे सगळे स्पीकर म्हणजे सॉफ्टवेअरने निर्माण केलेला भास होता. भास निर्माण करण्यात तत्त्वतः काही गैर नाही, कारण आपल्यालाही दोनच कान असतात आणि तेवढ्यावरच मेंदू सगळ्या दिशा ओळखतो. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी आणि थोडा मोठा ऐकू येतो. डाव्या कानापर्यंत पोहोचायला त्याला डोक्याला वळसा घालून साधारण २० ते २२ सेंटिमीटर जास्त जावे लागते, आणि आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असल्यामुळे दोन कानांमधला हा फरक फार तर ०.६ ते ०.७ मिलिसेकंद इतका भरतो. एवढा सूक्ष्म फरकसुद्धा मेंदू अचूक टिपतो. मात्र नाकासमोरून आलेला आणि बरोबर पाठीमागून आलेला आवाज दोन्ही कानांवर एकाच क्षणी आणि सारख्याच जोराने पोहोचतो, त्यामुळे तिथे हे गणित उपयोगी पडत नाही. तिथे काम करतो तो कानाचा बाहेरचा, वळ्यावळ्यांचा भाग. समोरचा आवाज त्या वळ्यांवरून एका रीतीने परावर्तित होऊन आत जातो आणि मागचा दुसऱ्या रीतीने, म्हणून दोन्हींच्या वरच्या सुरांचा पोत वेगळा होतो आणि मेंदू तो वर्षानुवर्षांच्या सवयीने ओळखतो.

हा पोत गणिताने आधीच आवाजावर चढवून तो दोन ड्रायव्हरमधून ऐकवण्याच्या तंत्राला एचआरटीएफ म्हणतात, आणि व्हॅलरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या गेममध्ये त्याची सोय गेममध्येच दिलेली असते. प्रत्येकाच्या कानाची घडण वेगळी असल्यामुळे हा भास कोणाला चटकन पटतो, तर कोणाला थोडा उशिरा. भाच्याच्या बाबतीत अडचण अशी होती की गेमचे एचआरटीएफ चालू होते आणि त्यावर हेडसेटचे ‘७.१’ही चालू होते, म्हणजे एकदा रंगवलेल्या भिंतीवर दुसरा हात वेगळ्याच रंगाचा मारला जात होता. आम्ही हेडसेटचे सॉफ्टवेअर बंद केले, विंडोजमध्ये साधा स्टिरिओ निवडला आणि गेमचे एचआरटीएफ तेवढे ठेवले. तो अर्धा तास न बोलता खेळत राहिला आणि नंतर मान वर न करता म्हणाला, ‘‘आता मागचा कळतोय.’’ एक रुपयाही खर्च झाला नव्हता.

यातून निघणारी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गेमसाठी लागणारा हेडफोन आणि संगीतासाठी लागणारा हेडफोन या दोन वेगळ्या जाती नाहीत. दोन्हीकडे डाव्या-उजव्या ड्रायव्हरचा नेमका मेळ, स्वच्छ मधले सूर आणि आटोक्यातला खर्ज, म्हणजे खालचे सूर, हेच लागते. बोलण्यासाठी माइक लागतो हे खरे, पण तो केबलवर किंवा हेडफोनच्या वाटीवर चिकटवून वेगळा लावता येतो, टेबलावरही ठेवता येतो, आणि खराब झाला तर एकटाच बदलता येतो. म्हणून ‘गेमिंग’ हा शब्द आणि रंगीत दिवे यांसाठी जास्तीचे पैसे मोजण्याऐवजी त्याच पैशांत साधा, चांगला स्टिरिओ हेडफोन घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

आवाजातले पट्टे कानाने ओळखणे

माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितकी कंपने, या पट्ट्यातले आवाज ऐकू येतात, आणि वय वाढते तशी वरची मर्यादा खाली येत जाते. हे आकडे कोरडे वाटतात, म्हणून ते ओळखीच्या आवाजांवर बसवून पाहावेत. डग्ग्याचा घुमारा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो. गाणाऱ्याच्या आवाजाचा गाभा आणि पेटीचा बहुतेक सगळा भाग काही शे ते दोन-तीन हजार हर्ट्झमध्ये येतो. ‘स’ आणि ‘श’ या अक्षरांमधला सीत्कार पाच ते आठ हजारांच्या आसपास ऐकू येतो, आणि तंबोऱ्याच्या जवारीतली चमक त्याच्याही वरपर्यंत पोहोचते. गेममधल्या पावलांचा थाड असा भाग खालच्या पट्ट्यात असतो, पण ज्यावरून दिशा आणि अंतर कळते तो घासण्याचा, खरखरीचा भाग पुष्कळदा दोन ते चार हजारांच्या आसपास असतो. खालचा मोठा आवाज आपल्या वरच्या पट्ट्यातल्या लहान आवाजाला झाकून टाकतो, हा कानाचा स्वभावच आहे. त्यामुळे ज्या हेडसेटमध्ये खर्ज मुद्दाम वाढवलेला असतो त्यात स्फोट दणदणीत वाजतात आणि पावले बुडतात, आणि त्याच कारणाने तबल्याच्या साथीत गायकाचे शब्द गढूळ होतात.

हेडफोन तपासण्यासाठी मी नेहमी तबलाच लावते. सी. व्ही. रामन यांनी सहकाऱ्यासह १९२० साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिले होते की शाईच्या लेपामुळे तबल्याचे उपस्वर एकमेकांशी सुरेल प्रमाणात येतात, तर साध्या ताणलेल्या चामड्याच्या वाद्यात ते तसे येत नाहीत. म्हणजे चाट (कडेची पट्टी) आणि मैदान (चाट व शाई यांमधला भाग) यांवरचे बोल नुसते टकटक वाजले आणि त्यातला सूर हरवला, तर हेडफोनने त्या उपस्वरांचे प्रमाण बिघडवले आहे असे समजायला हरकत नाही.

हेडफोनच्या परीक्षणात एक वेडीवाकडी रेघ असलेला आलेख दाखवतात. कोणता पट्टा किती जोरात वाजतो ते त्यावरून कळते. ही रेघ सरळ आडवी असावी असा समज होणे साहजिक आहे, पण तसे नसते. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि बासरीच्या नळीप्रमाणे तीही स्वतःच्या एका सुराला साथ देते. तो सूर तीन हजार हर्ट्झच्या थोडा वर पडतो. त्यामुळे उत्तम स्पीकरचा अगदी सपाट आवाजसुद्धा कानाच्या पडद्याशी मोजला तर तिथे उंचवटा दिसतो, आणि मेंदूला तो उंचवटाच ‘सपाट’ वाटतो. हर्मन या कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१२ च्या सुमारापासून बऱ्याच श्रोत्यांवर याच्या चाचण्या घेतल्या, आणि चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या स्पीकरसारखा वाजणारा हेडफोन बहुतेकांना आवडतो असे त्यांना आढळले. त्यातूनच ‘हर्मन टार्गेट’ ही रेघ आली. ती मी वेदवाक्य मानत नाही. मला स्वतःला तिच्यातला खर्ज थोडा जास्त वाटतो. पण एखाद्या हेडफोनची रेघ तिच्यापासून कुठे आणि किती दूर जाते, एवढे पाहिले तरी त्याचा स्वभाव न ऐकता बराचसा कळतो.

वाटी उघडी की बंद

ओपन-बॅक हेडफोनच्या वाटीची पाठ जाळीची असते आणि ड्रायव्हरच्या मागचा आवाज मोकळा बाहेर जातो. क्लोज्ड-बॅकमध्ये तो आतच अडतो, आणि अडलेला आवाज वाटीत घुमून परत ड्रायव्हरवर येऊ नये यासाठी रचनाकाराला बरीच खटपट करावी लागते. म्हणून त्याच किमतीत ओपन-बॅकचा आवाज बहुधा जास्त मोकळा वाटतो, वाद्ये डोक्यात गर्दी करत नाहीत, आणि कानांना उकाडाही कमी जाणवतो, जी गोष्ट ठाण्याच्या मे महिन्यात फार मोलाची असते. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ पासूनचा ओपन-बॅक हेडफोन आजही लोक मापदंड म्हणून वापरतात, यावरून या रचनेची ताकद लक्षात यावी.

पण हेडफोन कुठे ऐकायचा हे आधी पाहावे लागते. भाचा खोली आईबरोबर वापरतो, रात्री अकरानंतर खेळतो आणि डोक्यावर पंखा पाचवर असतो. ओपन-बॅकमधून गोळीबाराचा आवाज बाहेर सगळ्यांना ऐकू जातो आणि पंख्याची घरघर आत येते. त्याच्यासाठी क्लोज्ड-बॅकच योग्य होता, आणि त्याने तोच घेतला. मी पहाटे एकटी ऐकते, घोडबंदर रस्त्यापासून माझी खोली लांब आहे, म्हणून मला ओपन-बॅक परवडतो. ठाणे ते वाशी ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये मात्र दोन्ही निरुपयोगी ठरतात. तिथे कानात घट्ट बसणारे इन-इअर किंवा नॉइज कॅन्सलिंग हेडफोन लागतात. नॉइज कॅन्सलिंग गाडीची सलग, खालच्या सुरातली घरघर चांगली पुसते, पण शेजारच्या प्रवाशाचे बोलणे तितके पुसत नाही, तर रबरी टोकाचे इन-इअर वरच्या सुरातले आवाज चांगले अडवतात. इन-इअर घेताना खोक्यात आलेली सगळी टोके लावून पाहावीत. टोक सैल बसले की खर्ज जवळजवळ नाहीसा होतो, आणि माणूस विनाकारण हेडफोनला नावे ठेवतो.

अॅम्प आणि डॅक: गरज कधी असते

हेडफोनच्या माहितीत इम्पीडन्स ओहममध्ये आणि सेन्सिटिव्हिटी डेसिबलमध्ये, म्हणजे आवाजाच्या जोराच्या मापात, दिलेली असते. इम्पीडन्स म्हणजे विजेला होणारा विरोध, आणि सेन्सिटिव्हिटी म्हणजे दिलेल्या विजेत किती मोठा आवाज निघतो ते माप. मोबाइलच्या डोंगलमधून समजा एक व्होल्ट मिळतो. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम, या शाळेतल्या सूत्राने ३२ ओहमच्या हेडफोनला सुमारे ३१ मिलिवॅट मिळतात, तर ३०० ओहमच्या एचडी ६०० ला जेमतेम ३.३. बायरडायनॅमिकसारख्या कंपन्या एकच मॉडेल ३२, ८० आणि २५० ओहम अशा वेगवेगळ्या रूपांत विकत आल्या आहेत, आणि ‘जास्त ओहम म्हणजे जास्त चांगला’ असे समजून २५० ओहमचा हेडफोन थेट लॅपटॉपला लावणारे पुष्कळ भेटतात. मग आवाज पुरत नाही, आणि हेडफोनपेक्षा महाग अॅम्प, म्हणजे आवाजाचा संदेश वाढवणारे यंत्र, घ्यावा लागेल की काय अशी चिंता सुरू होते. घरात वेगळा अॅम्प नसेल तर ८० ओहमच्या आतला आणि बऱ्यापैकी सेन्सिटिव्हिटीचा हेडफोन घ्यावा, म्हणजे हा प्रश्न उद्भवतच नाही. प्लॅनर जातीच्या, म्हणजे पातळ सपाट पडद्याच्या, काही हेडफोनचे ओहम कमी असूनही ते वीज भरपूर मागतात, तेव्हा दोन्ही आकडे एकत्र पाहावेत.

अॅम्पचाही स्वतःचा एक इम्पीडन्स असतो. तो हेडफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा असा साधा ठोकताळा आहे. तो जास्त असला तर काही हेडफोनचा, विशेषतः अनेक ड्रायव्हर असलेल्या इन-इअरचा, आवाज बदलतो.

डॅक म्हणजे आकड्यांचे रूपांतर विजेच्या लहरीत करणारा भाग. तो प्रत्येक मोबाइलमध्ये आणि डोंगलमध्ये असतोच. सीडीचा दर्जा १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ हा आहे. त्यात सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला आणि २२,००० हर्ट्झपर्यंतचे सूर मावतात, म्हणजे माणसाच्या कानाची वरची मर्यादा त्यात पूर्ण येते. ३८४ किलोहर्ट्झच्या जाहिरातीसाठी मी वेगळे पैसे देणार नाही. मात्र बाहेरच्या डॅकचा एक व्यावहारिक फायदा आहे. संगणकाच्या पुढच्या जॅकमधून माउस हलवताना किंवा चार्जर लावल्यावर बारीक गुणगुण ऐकू येत असेल, तर यूएसबीवर चालणारा साधा डोंगल बहुतेक वेळा ती थांबवतो, कारण नाजूक संदेश घडवण्याचे काम डब्याच्या आतल्या विजेच्या गोंगाटापासून दूर जाते.

बिनतारी हेडफोन गाण्याला चालतात, पण गेमसाठी ब्लूटूथ टाळावा. आवाज पोहोचायला लागणारा उशीर जाणवतो, आणि संगणकाला जोडून माइक चालू केला की बहुतेक हेडफोन फोन-कॉलच्या निकृष्ट दर्जावर उतरतात. तारच नको असेल तर स्वतःच्या २.४ गिगाहर्ट्झ डोंगलसह येणारा हेडफोन घ्यावा.

दुकानात ऐकताना

लॅमिंग्टन रोडला जा किंवा वाशीच्या मॉलमध्ये, दोन हेडफोनची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवणे ही एक गोष्ट पाळली नाही तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवले की कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि टीप, म्हणजे वरचे सूर, दोन्ही कमी ऐकू येतात. त्यामुळे जो हेडफोन किंचित मोठा वाजतो तो आपोआप जास्त भरीव आणि जास्त स्वच्छ वाटतो, आणि आपण चांगला नव्हे, मोठ्याने वाजणारा हेडफोन घेऊन घरी येतो. स्वतःच्या ओळखीची दोन-तीन ध्वनिमुद्रणे सोबत न्यावीत. एखादे निव्वळ गायन, एखादी ढोलकीची बारी आणि गेमचा एक रेकॉर्ड केलेला तुकडा पुरेसा होतो. चष्मा लावणाऱ्यांनी चष्म्यासकट निदान वीस मिनिटे हेडफोन डोक्यावर ठेवावा, कारण काडीपाशी फट राहिली की खर्ज गळतो आणि फट राहिली नाही तर कानशील दुखते.

कानाला जुळवून घेणे

बदल करायचा तर केबलपासून सुरुवात करू नये. निखळणारी केबल सोयीची असते, तुटली तर बदलता येते, पण महाग केबलने आवाज सुधारतो असा अनुभव मला पातळी सारखी ठेवून ऐकताना एकदाही आला नाही. खरा फरक पॅड, म्हणजे कानावर टेकणाऱ्या गाद्या, आणि इक्वलायझर, म्हणजे निवडक सूर कमी-जास्त करणारे साधन, यांमुळे पडतो.

विंडोजवर इक्वलायझर एपीओ हे मोफत सॉफ्टवेअर मिळते. त्यात प्रत्येक बदलाला तीन आकडे असतात: कोणता सूर, किती डेसिबल वर किंवा खाली, आणि तो बदल किती रुंद पट्ट्यावर पसरवायचा. भाच्याच्या नव्या हेडफोनमध्ये ‘स’ टोचत होता. आम्ही एक सलग चढत जाणारा सूर वाजवला. सहा हजारांच्या जवळ त्याने डोळे मिटून कपाळाला आठी घातली, आणि तीच जागा चार डेसिबलने खाली आणली. मग १०५ हर्ट्झच्या खालचा खर्ज गाण्यासाठी तीन डेसिबल वाढवला, आणि एकूण पातळी, जिला त्यात प्रीअॅम्प म्हणतात, तीन डेसिबल कमी केली. हे शेवटचे पाऊल लोक विसरतात. संगणकात आवाजाला वरची एक ठाम हद्द असते, आणि एखादा पट्टा वाढवताना एकूण पातळी तेवढीच खाली आणली नाही तर मोठे आवाज त्या हद्दीवर कापले जाऊन फाटतात. गेमसाठी त्याने वेगळी फाइल ठेवली आहे. त्यात खर्ज वाढवलेला नाही, उलट दोन डेसिबल कमी आहे, म्हणजे पावलांवर स्फोटाचा पडदा पडत नाही. मी त्याला एवढेच बजावले की एका वेळी एकच आकडा बदल, आणि दुसऱ्या दिवशी ताज्या कानाने पुन्हा ऐक.

इक्वलायझर हातात आला की आवाज चढवण्याचा मोह होतो, म्हणून हे इथेच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित आहे. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०, आणि ९० पर्यंत गेलात तर आठवड्याचे चारच तास उरतात. रोज रात्री तीन तास खेळणाऱ्या मुलाचे आठवड्याचे २१ तास होतात, तेव्हा तो कुठे आहे ते त्याने स्वतः मोजून पाहावे. बाहेरचा गोंगाट चांगला अडवणारा हेडफोन घेतला तर आवाज आपोआप कमी ठेवता येतो, आणि ही क्लोज्ड-बॅकची मला पटलेली सर्वांत मोठी बाजू आहे.

पॅडचे आमच्याकडचे दुखणे वेगळेच आहे. माझ्या पहिल्या हेडफोनचे नकली चामड्याचे पॅड दुसऱ्याच पावसाळ्यात सुटले, आणि काळे कपचे कानामागे, उशीवर आणि चष्म्याच्या काडीवर चिकटू लागले. पॉलियुरेथेनचा तो थर हवेतल्या ओलाव्याने आणि घामाने हळूहळू विघटित होतो, आणि खाडीकाठच्या ठाण्यात किंवा ऐरोलीत जून ते सप्टेंबर ओलावा कमी नसतो. वापर झाल्यावर पॅड कोरड्या फडक्याने पुसावेत आणि हेडफोन सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवावा, म्हणजे ते जास्त टिकतात. घेतानाच त्या मॉडेलचे पॅड सुटे मिळतात का, याची चौकशी करावी. मखमली पॅड घामाला बरे पडतात, पण त्यांतून हवा जाते, म्हणून खर्ज थोडा उतरतो. पॅडची जाडी बदलली की ड्रायव्हरचे कानापासूनचे अंतर बदलते आणि टीपसुद्धा बदलते.

भाच्याने या वर्षी जूनमध्येच मखमली पॅड बसवले. त्याच रात्री त्याचा फोन आला की डग्गा हलका वाजतो आहे आणि सहा हजारांवरची टोचणी आता थोडी वर सरकली आहे. आम्ही फोनवरच सलग सूर पुन्हा लावला, खर्जाचे तीन डेसिबल पाच केले, प्रीअॅम्प उणे पाचवर नेला आणि चार डेसिबलचा तो खड्डा सात हजारांवर हलवला. जुनी फाइल त्याने पुसली नाही, नवीला ‘मखमल’ असे नाव देऊन शेजारी ठेवली आहे.